गव्हाच्या डब्यातलं रिव्हॉल्वर

कुमुदिनी मुळ्ये ही जन्माचीच भित्री बाई. हे माहेरी ठाऊक होतं, सासरी ठाऊक होतं, आणि जुन्या इंदुरात ती ज्यांच्या घरात भाड्यानं राहायची त्या वरच्या मजल्यावरच्या नानांनाही ठाऊक होतं. पाल दिसली की ती स्वयंपाकघर सोडायची. वीज कडाडली की उशी कानांवर दाबून बसायची. टांग्यात बसली की घोडा उधळणारच अशा खात्रीनं दांडी धरून डोळे मिटून घ्यायची. तिचा नवरा रघुवीर होळकर संस्थानच्या शिकारखात्यात नोकरीला होता. मचाणं बांधून घ्यायची, हाकारे गोळा करायचे, पाहुण्यांची बडदास्त ठेवायची, हे त्याचं काम. तो तिला हसायचा. "तुला जंगलात नेलं तर वाघाची गरजच नाही. हाकाऱ्यांनी डबे वाजवले की तिथेच संपशील," म्हणायचा.

त्याच रघुवीरला एका दसऱ्याला दरबारातून बक्षीस म्हणून रिव्हॉल्वर मिळालं होतं. विलायती बनावटीचं, सहा गोळ्यांचं, चामड्याच्या म्यानात. घरात आल्यापासून ते फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात होतं, आणि कुमुदिनीनं तो कप्पा कधी पुसला नव्हता. खंडेनवमीला तेवढं ते पूजेला पाटावर यायचं. रघुवीर तेल-पाणी करून ठेवायचा आणि ती दोन हात लांबून त्याच्यावर फूल टाकायची. फूल कधी रिव्हॉल्वरवर पडायचं, कधी पाटाबाहेर. "अगं, रिकामं आहे ते," तो दरवर्षी सांगायचा. तिचा हात दरवर्षी तितकाच लांब राहायचा.

संस्थान गेलं, मध्यभारत आलं. शिकारखातं मोडलं आणि रघुवीरला जंगलखात्यात बाबू म्हणून घेतलं. तीन वर्षांनी, श्रावणात, विषमज्वरानं तो गेला. मागे कुमुदिनी, मॅट्रिकला बसलेली मुलगी शालिनी आणि फडताळातलं ते हत्यार. कुमुदिनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, त्यावर दोघींचं भागत होतं. पण मार्गशीर्षात सरकारचा हुकूम निघाला, की संस्थानी परवाने आता चालायचे नाहीत. ज्यांना हत्यार ठेवायचंय त्यांनी नवा परवाना काढावा, नाही त्यांनी महिनाअखेर ते कोतवालीत जमा करावं, नपेक्षा खटला. नानांनी पेपर वाचून दाखवला, तेव्हा कुमुदिनीला एकच सुचलं. जमा करायचं म्हणजे आधी त्याला हात लावायचा.

तिनं चुलत दिराला, कृष्णरावांना, निरोप धाडला.

कृष्णराव होळकरांच्या फौजेत कॅप्टन होते. फौज मोडल्यावर पेन्शन घेऊन रामबागेत राहात होते. ऐन उमेदीत घरी बसल्यामुळे त्यांच्या अंगातली कवायत कुठंतरी बाहेर पडायला बघायची. रविवारी सकाळी ते आले ते एकटे नाही, सोबत शंकररावांना घेऊन आले. शंकरराव निमाडात जंगलाचे ठेके घ्यायचे, आणि रानातल्या मुक्कामांसाठी त्यांच्याजवळ जर्मन पिस्तूल असायचं. दोघांची दोस्ती या एकाच विषयावर जमलेली होती.

"वहिनी, काळजीचं काम नाही," कृष्णराव म्हणाले. "आज बघून घेतो, उद्या कोतवालीत पोचवतो. शंकररावांना जरा चीज बघायची होती."

चीज बाहेर आली. कृष्णरावांनी स्वतःचं रिव्हॉल्वरही कोटातून काढलं आणि शंकररावांनी आपलं पिस्तूल. बाहेरच्या खोलीतल्या तिवईवर, जिथं रघुवीर पेपर वाचायचा, तिथं तीन हत्यारं शेजारी शेजारी पडली. कुमुदिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारात आली आणि दारातच थांबली.

"माझं म्हणणं सरळ आहे," कृष्णराव सांगत होते. "ऐन वेळी दगा नको. रिव्हॉल्वरमध्ये एक गोळी फुसकी निघाली तर काय करायचं? पुन्हा घोडा दाबायचा. चक्री फिरते, दुसरी गोळी हजर. तुमच्या पिस्तुलाचं काय? गोळी अडकली की बसा तिला उकरत. तोवर अस्वल तुमचं मुंडकं घेऊन गेलेलं!"

"अहो कॅप्टनसाहेब, सुनो तो सही," शंकरराव म्हणाले. "अडकतं ते साफसफाई नाही त्याचं. बडवाहाच्या घाटात मी तीन दिवस पावसात होतो. चौथ्या दिवशी काढलं आणि चालवलं. एक खटका नाही चुकला. तुमच्या या चक्रीत कचरा गेला, की ती फिरतच नाही. मग धरा दांडा आणि हाणा डोक्यात!"

दोघं खदखदून हसले. बोलता बोलता कृष्णरावांच्या हातातलं रघुवीरचं रिव्हॉल्वर वळत होतं, कधी खिडकीकडे, कधी छताकडे, कधी दाराकडे. ते दाराकडे वळलं की कुमुदिनी उंबऱ्याच्या आत सरकायची, आणि खिडकीकडे गेलं की पुन्हा बाहेर यायची. आपण असं करतोय हे तिलाही कळत नव्हतं.

"भावजी, ते जरा खाली ठेवता का?"

"रिकामं आहे, वहिनी!" अगदी रघुवीरच्याच सुरात ते म्हणाले.

मग त्यांनी गोळ्यांचं विचारलं. कप्प्यात म्यानामागे बिस्किटांचा एक जुना डबा होता. तो शालिनीनं स्टुलावर चढून काढून दिला. कृष्णरावांनी तो ताटात पालथा केला. लढाईच्या आधीच्या गोळ्या त्या. काही अजून पिवळ्याजर्द, काहींवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला. कृष्णरावांचे डोळे चमकले. हे कुमुदिनीनं पाहिलं. त्यांच्या रिव्हॉल्वरचा आणि याचा बोअर एकच होता, आणि नव्या राजवटीत गोळ्या मिळायच्या म्हणजे मारामार.

"या चकचकीत ज्या आहेत त्या कामाच्या," ते म्हणाले. "हिरव्या मेल्या."

"मेल्याबिल्या काही नाहीत," शंकरराव म्हणाले. "पितळ कळकलं म्हणजे बारूद मेली असं नसतं."

"लावता पैज?"

"लावतो की. कशाची?"

"सराफ्यातल्या रबडीची!"

आणि दोघं उठलेच. घरामागे परस होतं, त्याच्या टोकाला जुनी जाड मातीची भिंत. कृष्णराव हिरवट गोळ्या चक्रीत भरत मागच्या दारातून निघाले.

"भावजी, नको," कुमुदिनी म्हणाली. "इथं नको. वर नाना आहेत, पलीकडे बिऱ्हाडं आहेत. तुम्हाला न्यायचंय तर तसंच न्या."

"वहिनी, वाजलीच तर एक फटाका समजा. आणि वाजायचीच नाही, ते तर मी सांगतोय."

तिनं आणखी काही म्हणायला हवं होतं. पण दिरासमोर आवाज चढवायची सवय नव्हती. ती मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. परसात एका बाजूला न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब पेटलेला होता. शालिनी बंबापाशी उकिडवी बसून पाणी काढत होती. रविवार होता, तिला न्हायचं होतं. भिंत एकीकडे, बंब दुसरीकडे.

कृष्णरावांनी हात लांब करून भिंतीवर नेम धरला. खट्. काही नाही.

"एक!" ते म्हणाले.

पुन्हा खट्. पुन्हा काही नाही. शंकररावांनी मान हलवली. तिसऱ्यांदा खट् झालं आणि कृष्णराव विजयी मुद्रेनं वळले. "काढा रबडी!" असं म्हणत हातातल्या हत्यारासकट ते शंकररावांकडे वळले, आणि त्यांचं बोट घोड्यावर नसताना, कोणी काही केलेलं नसताना, ते उडालं.

कुमुदिनीला आवाज आधी ऐकू आला की बंबाचा ठणत्कार, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. शालिनी ओरडली. बंबाच्या पोटाला भोक पडलं होतं आणि त्यातून कढत पाण्याची धार सुटून तिच्या पावलावर पडत होती. कुमुदिनी धावली. कशी धावली ते ठाऊक नाही. तिनं मुलीला काखेत धरून मागे ओढलं, तिच्या डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवला, रक्त शोधत. रक्त नव्हतं. पाऊल लालभडक झालं होतं. गोळी शालिनीच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेली होती.

"काय फुटलं रे?" वरून नानांचा आवाज आला.

कृष्णरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ हलत होते. मग त्यांनी वर पाहून ओरडून सांगितलं, "बंब फुटला, नाना! बंब!"

"जुन्या बारुदीत असं होतं," शंकरराव हळूच म्हणाले. "खटका पडतो, पण आग आत रेंगाळते. मग क्षणभरानं…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

कृष्णरावांनी रिव्हॉल्वर धुण्याच्या दगडावर ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा हातातून सुटलं. शहरात, वस्तीत बार झाला हे कळलं तर आपला नवा परवाना गेलाच, हे त्यांच्या डोक्यात आलेलं कुमुदिनीला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. ते आत गेले. तिवईवरची आपली हत्यारं दोघांनी उचलली. जाताना कृष्णरावांचा हात ताटावरून फिरला आणि चकचकीत गोळ्या त्यांच्या कोटाच्या खिशात गेल्या. "मी उद्या येतो, वहिनी. उद्या नक्की येऊन घेऊन जातो," असं म्हणत ते पायऱ्या उतरले.

शालिनीच्या पावलाला तिनं बटाटा किसून लावला. आणि दुपारी, मुलगी जरा शांत पडल्यावर, तिच्या ध्यानात आलं की ते अजून दगडावरच पडलं आहे, आणि कोणी ते रिकामं केलेलं नाही. आत अजून गोळ्या होत्या. ज्या दोन नुसत्याच खट् करून थांबल्या होत्या त्याही होत्या. आग आत रेंगाळते, असं शंकरराव म्हणाले होते. किती वेळ रेंगाळते? घटकाभर? दिवसभर? विचारायचं कोणाला?

आजवरची तिची भीती म्हणजे कोणीतरी घोडा ओढेल ही होती. त्या दिवसापासून नवीनच भीती आली. घोडा कोणी ओढायची गरजच नव्हती. हे आपोआप उडतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

बंब विझवून झाल्यावर तिनं चिमट्याच्या टोकानं ते दगडावरच भिंतीकडे तोंड करून वळवलं, आणि वर दगडी उखळ उपडं घातलं. शालिनीला परसात जायची बंदी केली. उद्या आला, परवा आला, कृष्णराव आले नाहीत. शाळेत ती शिवणाच्या मुलींना टीप घालायला सांगायची आणि मशीन खटखट करायला लागलं की दचकून उठायची. घरी परतताना कोपऱ्यावरूनच कान टवकारायची. घर उभं दिसलं की मग श्वास सुटायचा. शालिनी म्हणायची, "आई, ते नुसतं लोखंड आहे गं." पण परसाकडचं दार तीही लावूनच ठेवायची.

शेवटी ती रामबागेत गेली. दार कृष्णरावांच्या बायकोनं, इंदुमतीनं, उघडलं.

"ते महूला गेलेत," इंदुमती म्हणाली. "परवा येतील… किंवा तेरवा."

आत कोणीतरी खोकलं. कृष्णरावांचा खोकला कुमुदिनीला चांगलाच ओळखू यायचा. तिनं इंदुमतीकडे पाहिलं. इंदुमतीनं नजर खाली वळवली. कुमुदिनीला राग यायला हवा होता, पण आला तो गारठा. फौजेतला कॅप्टन घरात दडून बसला होता, म्हणजे आपल्याला वाटतं ती भीती खरी होती. त्या भीतीला थोपवायला आता कोणी नव्हतं.

"बरंय," ती म्हणाली. "आले की सांगा, मी येऊन गेले."

घरी येताना तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे दुसरा रस्ताच उरला नाही. नानांना सांगावं तर सत्तरीचे, वर त्यांना बंबच फुटलाय असं वाटत होतं. शालिनीला हात लावू द्यायचा प्रश्नच नव्हता. महिना संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. सकाळी शालिनीला तिनं मैत्रिणीकडे पाठवलं. राकेलचा चौकोनी डबा असतो ना, वर लाकडी दांडी बसवलेला, त्यात त्या दोघी गहू ठेवायच्या. तिनं तो निम्मा रिकामा केला. वाळूत गोळी अडते असं रघुवीर कधीतरी बोलला होता, मग गव्हातही अडेल, अशी तिची समजूत. परसात जाऊन तिनं उखळ उचललं. रघुवीरच्या जुन्या धोतराचा सोगा हातांना गुंडाळला आणि देवाचं नाव घेत, डोळे उघडे ठेवून, कारण मिटले तर बोट कुठे लागेल याचा नेम नाही, तिनं रिव्हॉल्वर दांड्याला धरून उचललं. त्याचं वजन तिला पहिल्यांदाच कळलं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. तोंड खाली करून तिनं ते गव्हात खुपसलं, वरून गहू लोटले, आणि भिंतीला टेकून बसली. ताटात उरलेल्या हिरव्या गोळ्या तिनं रुमालात बांधून कमरेला खोचल्या.

कोपऱ्यावर टांगा मिळाला. टांगेवाला पांढऱ्या मिशांचा, मफलर बांधलेला. त्यानं डबा उचलून मागच्या बैठकीवर ठेवला. ठेवला म्हणजे आदळला, आणि कुमुदिनीच्या तोंडून किंकाळी निघता निघता राहिली.

"गेहूं पिसाने जा रहे हो, बाई?"

"कोतवाली चलो," ती म्हणाली.

टांगा निघाला. ती मागे तोंड करून बसली होती आणि डबा बाजूला कवटाळला होता. पूल उतरेपर्यंत ठीक होतं. सियागंज लागलं आणि रस्ता म्हणजे खाचखळगे, हातगाड्या, गुळाच्या भेल्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल. प्रत्येक खड्ड्याला डबा उसळायचा आणि आत गहू सरसरायचे. गहू सरकतायत म्हणजे ते पण सरकतंय. तोंड आता खाली असेल का? की वळलं असेल? तिनं डबा जरा फिरवला, तर समोर एक बाई कडेवर मूल घेऊन तांदूळ निवडून घेत होती. तिनं घाईनं डबा दुसरीकडे फिरवला, तिकडे हमालांची रांग. आपल्याकडे फिरवावा तर पोटाशी. शेवटी तिच्या लक्षात आलं की डब्याच्या मागे एका फळीच्या आडोशाला टांगेवाल्याची पाठ आहे. तो मजेत रेलून बसला होता.

आजवर जगात तिला स्वतःच्या आणि शालिनीच्या जिवाची भीती वाटत आली होती. या परक्या म्हाताऱ्याच्या पाठीसाठी तिला कधी भीती वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पण मफलरच्या खाली त्याच्या सदऱ्याला शिवण उसवलेली होती, ती तिला दिसली, आणि तिचा धीर सुटला.

"भैया, टांगा रोको."

"क्या हुआ? कोतवाली तो आगे है।"

"रोको!"

टांगा थांबला. मागून हातगाडीवाले ओरडायला लागले. तिनं वाकून त्याच्या कानाशी सांगितलं, मराठी-हिंदी कशीही मिसळून, "भैया, इसमें… गव्हात… भरलेलं पिस्तौल है। गोली आहे आत. अपनेआप उडतं ते. सरकारात जमा करने जा रही हूँ। तुम्हारी पीठ है इधर. मैं उतर जाती हूँ।"

टांगेवाला एकदम ताठ झाला. त्यानं डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि भर थंडीत घाम होता. तो खाली उतरला. आता हा आरडाओरडा करणार, माणसं जमणार, कोणीतरी डब्यात हात घालणार, असं तिला वाटलं. ती उतरायला लागली.

"बैठी रो, बाई," तो म्हणाला. "ईत्तो वजन लई ने पैदल कां जाओगा?" एवढं ओझं घेऊन पायी कुठे जाणार, असं त्याचं म्हणणं.

तो घोड्यासमोर गेला, लगाम तोंडाशी धरला आणि पायी चालू लागला. खड्डा आला की घोड्याला थांबवायचा, चाक हळूच उतरवायचा, मग पुढे. "बाजू हो भिया, बाजू हो, बीमार सवारी है!" असं ओरडत त्यानं सबंध सियागंज पार केलं. मध्येमध्ये तो मागे वळून बघायचा, तिच्याकडे नाही, डब्याकडे. ती डबा धरून रामरक्षा म्हणत होती आणि दर दोन ओळींना विसरून पहिल्यापासून सुरू करत होती.

कोतवालीच्या ओसरीवर शिपायांनी आधी हसून घेतलं. "बाईजी, गेहूं का भी लाइसेन्स लगता है क्या?" म्हणत एकानं डब्यात हात घातला.

"हात घालू नका!"

हा आवाज आपला आहे हे तिला क्षणभर कळलंच नाही. शिपायानं हात काढून घेतला. आतून ठाणेदार बाहेर आले. तिनं सगळं सांगितलं, अडखळत, पण सगळं. ठाणेदारांनी डबा अंगणात नेऊन गहू वरवरून वाटीनं चादरीवर काढायला लावले. रिव्हॉल्वर दिसलं ते तोंड आडवं करून, डब्याच्या ज्या बाजूला टांगेवाल्याची पाठ होती त्या बाजूला. कुमुदिनीनं बाहेर उभ्या असलेल्या टांग्याकडे पाहिलं.

ठाणेदारांनी ते जमिनीकडे रोखून चक्री उघडली आणि गोळ्या एकेक करून वाळूच्या बादलीत टाकल्या.

"लो, खाली हो गया।"

"दाखवा."

त्यांनी दाखवलं.

"पुन्हा दाखवा."

ठाणेदारांना हसू आलं असावं, पण त्यांनी हसू दाबलं आणि सगळी भोकं उजेडाकडे धरून पुन्हा दाखवली. प्रत्येकातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मग तिनं कमरेचा रुमाल सोडून हिरव्या गोळ्या पुढे केल्या.

"इतनीच गोलियां थीं?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. दिराचं नाव घेणं म्हणजे सासरचं दार बंद करून घेणं, हे तिला कळत होतं. आणि त्या दाराबाहेर एकट्या बाईनं तरुण मुलगी घेऊन राहायचं, याची भीती रिव्हॉल्वरपेक्षा लहान नव्हती. पण त्या चकचकीत गोळ्या रामबागेत कोणाच्या तरी खिशात, उशाखाली, कपाटात असणार. उद्या पुन्हा कोणाशी तरी रबडीची पैज लागणार. तिच्या डोळ्यांसमोर शालिनीचं लाल पाऊल आलं.

"नाही," ती म्हणाली. "बाकीच्या माझ्या दिरांकडे आहेत." आणि नाव सांगितलं.

पुढचं फार लांबलं नाही. पोलीस रामबागेत गेले. वस्तीत बार केल्याचं कृष्णरावांनी कबूल केलं. फौजेतली नोकरी बघून खटला झाला नाही, पण गोळ्या गेल्या आणि त्यांचं स्वतःचं रिव्हॉल्वरही जमा झालं. नवा परवाना मिळाला नाही. शंकररावांनी त्यानंतर दोस्ती तोडली. मुळ्यांच्या घराण्यात मात्र बोभाटा झाला, की रघुवीरच्या बायकोनं दिरावर पोलीस घातले. लग्नामुंजीची बोलावणी थांबली. संक्रांत गेली, पाडवा गेला, गणपती गेले, कोणी फिरकलं नाही. कुमुदिनी शाळेत जात होती, येत होती. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की पदर सारखा करून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जायची. आपण बरोबर केलं असं तिला वाटायचं, आणि तरीही दिराचं नाव घेतलेलं पुन्हा पुन्हा आठवायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात इंदुमती होती, हातात आपट्याची पानं.

कुमुदिनीचा हात कडीवरच राहिला. आता ही काय बोलणार, किती बोलणार, याची तिनं मनातल्या मनात तयारी केली.

इंदुमतीनं तिच्या हातावर सोनं ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि आत येऊन खाली बसली. शालिनीला जवळ बोलावून तिचं पाऊल पाहिलं. डाग पुष्कळ फिका झाला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "लग्न होऊन आले त्या रात्रीपासून ते उशाखाली असायचं. भरलेलं. ह्यांची सवय, फौजेतली. मी कुशीवर वळायची नाही. इतकी वर्षं मी उताणी झोपले, वहिनी, लाकडासारखी. मुलं झाली तेव्हा त्यांना बहिणीकडे ठेवायची मी, तुम्ही सगळ्या मला नावं ठेवायच्यात, आठवतं? ह्यांना एकदा म्हटलं होतं, तर हसले. मग म्हटलंच नाही."

"आणि आता?" कुमुदिनीनं विचारलं.

"आता ते नाही. पण झोप कुठे येते? सवयच गेली. डोळा लागला की वाटतं, हललं काही तरी."

कुमुदिनीनं तिला जेवायला थांबवलं. वरण-भात, भोपळ्याची भाजी, कालची उरलेली बेसनाची गोड चक्की. जेवून झाल्यावर इंदुमती चटईवर जरा कलंडली, पाचच मिनिटं म्हणाली, आणि बोलता बोलता झोपली. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून. कुमुदिनीनं तिच्या अंगावर लुगडं घातलं आणि शालिनीला खुणेनं सांगितलं, भांडी नंतर घास.

चार वाजून गेले तेव्हा बाहेर टांगा थांबला. कृष्णराव होते. आत आले नाहीत, ओट्यावरच उभे राहिले, हातातली काठी या हातातून त्या हातात करत. कुमुदिनीला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"इंदू आलीय ना इथं? न्यायला आलोय."

"झोपल्यात."

"झोपली?" त्यांनी मान वर केली. "इतका वेळ?"

"उठवू नका, भावजी," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."

ते ओट्याच्या कडेला बसले.